क्रेव्हन: पत्त्यात नसलेला ‘जिल्हा’

माननीय संपादक,
सविनय नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला, उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्स या दऱ्याखोऱ्यांच्या भागावरचा प्रवासलेख वाचला. लेखकाने मालहमचा कडा, रिबलहेडचा पूल, स्किप्टनचा किल्ला असं सगळं हिंडून मनापासून लिहिलंय, फोटोही छान आहेत. पण लेखात तीन ठिकाणी ‘क्रेव्हन जिल्हा’ असं छापलं गेलंय आणि खालच्या चौकटीत ‘जिल्ह्याचे मुख्यालय : स्किप्टन’ असंही. मी या स्किप्टनमध्ये १९८१ पासून राहते. लग्न होऊन आले ती इथलीच झाले. त्यातली सव्वीस वर्षं याच भागात टपाल कचेरीच्या काउंटरवर बसले. पत्ता चुकलेला दिसला की माझा हात आपोआप लाल पेन शोधतो. निवृत्त होऊनही ती खोड गेलेली नाही, म्हणून हे पत्र.

आधी दुरुस्ती. क्रेव्हन डिस्ट्रिक्ट आज अस्तित्वात नाही. ३१ मार्च २०२३ च्या मध्यरात्री ते संपलं. आणि होतं तेव्हाही तो आपण समजतो तसा जिल्हा नव्हता. आपल्या जिल्ह्याशी तुलना करायचीच तर ती काउंटीशी करावी. डिस्ट्रिक्ट तिच्या पोटातलं, म्हणजे आकाराने तालुक्यासारखं. पण तालुका म्हटलं की तहसीलदार आठवतो. इथे तसला कुणी वरून नेमलेला साहेब नव्हता. लोकांनी निवडून दिलेल्या ३० सदस्यांचं कौन्सिल होतं आणि त्याच्या हाताखाली नोकरवर्ग. मुलूख सुमारे १,१७७ चौरस किलोमीटर, माणसं सुमारे ५७ हजार. मेंढ्यांची गणती इथे दिलेली नाही, पण डेल्समध्ये गाडी चालवलेल्या कुणालाही विचारा, बहुमत कोणाचं ते सांगेल.

आता कोण काय करायचं? याचं उत्तर मी काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी दिलेलं आहे, म्हणून तोंडपाठ आहे. कचरा उचलला नाही, तर डिस्ट्रिक्ट. रस्त्यात खड्डा पडला, तर काउंटी. शाळेत प्रवेश, वाचनालय, म्हाताऱ्या आईसाठी घरी मदतनीस, हे सगळं काउंटी. पबचा परवाना, मतदारयादी, डोक्यावर छप्पर नसलेल्याची सोय, डिस्ट्रिक्ट. गावच्या हिरवळीवरचं बाकडं मोडलं, तर बहुधा पॅरिश कौन्सिल, म्हणजे गावपातळीचं. आणि घराला मागे खोली काढायची असेल, तर ‘तुम्ही राहता कुठे?’ हा उलटा प्रश्न. कारण क्रेव्हनचा निम्म्याहून जास्त भाग १९५४ साली झालेल्या यॉर्कशायर डेल्स राष्ट्रीय उद्यानात येतो आणि तिथली बांधकाम परवानगी उद्यानाचं स्वतंत्र प्राधिकरण देतं. म्हणजे स्वतःच्या अर्ध्याअधिक मुलखात कोणाला घर बांधू द्यायचं, हे या कौन्सिलच्या हातातच नव्हतं.

त्यात कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे घरामागे भरायच्या स्थानिक कराचं, बिल पाठवायचं काम डिस्ट्रिक्टचं. पैसे गोळा करायचे त्यांनी आणि त्यातला मोठा वाटा द्यायचा काउंटीला, मग पोलिसांना, अग्निशामक दलाला. स्वतःकडे उरायचा लहानसा तुकडा. पण लिफाफ्यावर नाव क्रेव्हनचं, त्यामुळे मार्च महिन्यात शिव्याही क्रेव्हनलाच. बिल घेऊन काउंटरवर आलेले लोक त्या मला ऐकवायचे, जणू कर मीच लावलाय.

हे डिस्ट्रिक्ट जन्मलं १ एप्रिल १९७४ ला. १९७२ च्या स्थानिक प्रशासन कायद्याने इंग्लंडचा नकाशा नव्याने कापला तेव्हा. त्याआधी हा सगळा टापू यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगमध्ये होता आणि कारभार वेकफील्डहून चालायचा. रायडिंग म्हणजे घोड्यावर बसणं नव्हे. तो उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचा शब्द, अर्थ तिसरा हिस्सा. यॉर्कशायरचे तीन हिस्से होते : उत्तर, पूर्व, पश्चिम. साउथ रायडिंग नव्हतंच कधी, तीन तिसऱ्यांत चौथं कुठून येणार?

१९७४ च्या कात्रीने स्किप्टन शहर, सेटलचा ग्रामीण भाग आणि स्किप्टनच्या ग्रामीण भागाचा बराचसा तुकडा एकत्र शिवून त्याला क्रेव्हन नाव दिलं आणि नॉर्थ यॉर्कशायर काउंटीला जोडलं. सिल्सडन मात्र ब्रॅडफर्डकडे गेलं. बार्नोल्ड्सविक आणि अर्बी यांना तर थेट लँकेशायरमध्ये टाकलं, पेंडल नावाच्या डिस्ट्रिक्टात. यॉर्कशायरचा माणूस एक वेळ पावसाला क्षमा करेल, पण याला नाही. या दोन काउंट्यांचं वैर, यॉर्कचा पांढरा आणि लँकेस्टरचा तांबडा गुलाब राजगादीसाठी लढले त्या काळापासूनचं. बार्नोल्ड्सविकला तिथले लोक बार्लिक म्हणतात. मी स्किप्टनला आले तेव्हा या बदलाला सात वर्षं झाली होती, तरी तिथून येणाऱ्या पाकिटांवर मागच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘यॉर्कशायर’ लिहिलेलं असायचं. आमचं काम टपाल पोचवण्याचं. आम्ही कधी खोडलं नाही.

जाता जाता सांगते, बार्लिक हे गाव आपल्या वाचकांनी नकळत अनुभवलेलं असेल. जुन्या जंबो जेटपैकी अनेकांना रोल्स-रॉइसची आरबी २११ इंजिनं होती. त्यातला ‘आर’ रोल्सचा आणि ‘बी’ बार्नोल्ड्सविकचा.

यॉर्कशायरच्या क्रिकेट क्लबातही अशीच हद्दीची कडक शिस्त होती. काउंटीत जन्मलेलाच खेळणार, बाहेरचा नाही. ती मोडली आणि १९९२ साली पहिला परदेशी खेळाडू आला तो आपला सचिन, एकोणीस वर्षांचा. त्या उन्हाळ्यात काउंटरवर निम्मी माणसं स्टँप घ्यायला येत होती आणि निम्मी ‘तेंडुलकर’ कसं म्हणायचं ते विचारायला. मी सगळ्यांना ‘ड’ म्हणायला शिकवलं. ‘ळ’ त्या नावात नाही हे त्यांचं नशीब.

आता लेखातलं माझ्या दृष्टीने मोठं चुकलेलं वाक्य. ‘क्रेव्हन हे नाव जिल्ह्यामुळे प्रचलित झाले’ असं लेखक म्हणतात. प्रत्यक्षात नाव आधी, डिस्ट्रिक्ट नंतर, आणि मध्ये जवळजवळ नऊ शतकांचं अंतर. विल्यम राजाने १०८६ साली जमिनींची जी पाहणी करवली, त्या डोम्सडे बुकात ‘क्रेवेस्कायर’ असा उल्लेख आहे. म्हणजे एके काळी याला स्वतंत्र शायरच, म्हणजे काउंटीच, समजत असावेत. नावाचा अर्थ रानलसणीचा मुलूख, असं काही भाषाभ्यासक मानतात. इंग्रज यायच्या आधी इथे जी वेल्शसारखी भाषा बोलली जायची, तिच्यात लसणीला ‘क्राफ’ म्हणत. एप्रिल-मे महिन्यात बोल्टन ॲबीच्या बाजूने नदीकाठच्या झाडीत शिरा, वास आधी येतो, पांढरी फुलं मागून दिसतात. मला तरी तो अर्थ पटतो. स्किप्टनचा अर्थ तर वादाचाच नाही : मेंढ्यांचं गाव. ‘शीप’चा ‘श’ नॉर्स तोंडात जाऊन ‘स्क’ झाला, एवढंच.

१९७४ साली नकाशा कापणाऱ्यांनी हे जुनं नाव उसनं घेतलं. ते नसतं घेतलं तरी बिघडलं नसतं, कारण नाव आधीच सगळीकडे पसरलेलं होतं. भूगर्भशास्त्रात क्रेव्हन फॉल्ट आहेत, जमिनीतल्या त्या मोठ्या भेगा, ज्यांच्यामुळे चुनखडीचे पांढरे कडे उघडे पडलेत. क्रेव्हन पॉटहोल क्लब दर ऑगस्टमध्ये इंगलबरो डोंगराच्या अंगावर पाळण्याचं यंत्र बसवतो आणि सामान्य माणसांना गेपिंग गिल या विवरात जवळजवळ शंभर मीटर खाली सोडतो. तिथला जुना विनोद असा की खाली जायला पैसे नाहीत, पैसे वर यायचे आहेत. मी एकदा उतरले. वरून ओढा कोसळत असतो, आत कॅथीड्रल मावेल एवढी पोकळी आणि डोक्यावर प्रकाशाचा रुपयाएवढा ठिपका. वर यायला मी कितीही दिले असते.

आणि क्रेव्हन हेफर! इकडे बऱ्याच पबच्या पाट्यांवर एक अगडबंब गाय दिसते. १८०७ साली बोल्टन ॲबीला जन्मलेली ती कालवड वाढत वाढत ३१२ स्टोनची झाली, म्हणजे जवळजवळ दोन टन. पाळणारे होते तिथले पाद्री विल्यम कार. तिचं नाव इतकं झालं की क्रेव्हन बँकेने आपल्या नोटांवर तिचं चित्र छापलं. राजाराणीऐवजी गाय! ही बँक १९०६ साली बँक ऑफ लिव्हरपूलमध्ये विलीन झाली, नोटा संग्रहात गेल्या, गाय मात्र पबांवर टिकून आहे.

आपण वृत्तपत्रवाले, म्हणून आमच्या ‘क्रेव्हन हेरल्ड’बद्दलही लिहिते. १८५३ साली सुरू झालेलं हे साप्ताहिक. त्याच वर्षी स्किप्टन बिल्डिंग सोसायटीही सुरू झाली, जी आज या गावातल्या बऱ्याच घरांची चूल पेटवते. २००९ पर्यंत ‘हेरल्ड’च्या पहिल्या पानावर बातमी नसायचीच, नुसत्या जाहिराती. मेंढ्यांचा लिलाव, चर्चमधली विक्री, कोणाला मोलकरीण हवी, कोणाचं गवत विकायचंय. मी नवीन होते तेव्हा हसायचे. पुढे कळलं की इथल्या माणसाला खरी बातमी हीच.

स्किप्टनच्या किल्ल्यावर आपल्या लेखकाने एक परिच्छेद लिहिला, ‘मजबूत तटबंदी’ वगैरे. मी तिथे राहत्या बाईच्या नजरेने थोडं जास्त सांगते. किल्ला क्लिफर्ड घराण्याकडे १३१० पासून. दाराच्या माथ्यावर दगडात कोरलेलं आहे ‘देझोर्मे’. फ्रेंच शब्द, ‘इथून पुढे’. तिथे १५९० साली ॲन क्लिफर्ड जन्मली. बापाचं ते एकुलतं जगलेलं अपत्य, पण १६०५ साली बाप वारला आणि मृत्युपत्रात जहागीर आपल्या भावाला देऊन गेला, मुलीला १५ हजार पौंड. पोरगी पंधरा वर्षांची. आई कोर्टात गेली, मग ॲन स्वतः. पहिल्या नवऱ्याने पैसे घेऊन मिटव म्हणून छळलं, जेम्स राजाने समोर बोलावून सही कर म्हटलं, हिने केली नाही. १६१७ साली राजाने निकाल विरुद्ध दिला. शेवटी १६४३ मध्ये चुलतभाऊ मुलगा नसताना वारला तेव्हा कुठे जहागीर तिच्याकडे आली. वय त्रेपन्न.

आणि तेव्हाही किल्ला तिला मिळाला तो वेढ्यात. यादवी युद्धात राजाच्या बाजूने स्किप्टन तीन वर्षं लढलं, डिसेंबर १६४५ पर्यंत. नंतर पार्लमेंटच्या हुकमाने किल्ला मोडला. या बाईने तो पुन्हा उभा केला. आतल्या चौकात तिने १६५९ साली लावलेलं यूचं झाड आजही आहे. मी कोणी पाहुणे आले की त्यांना तिथे नेते आणि ही गोष्ट सांगते. सासरचे आले होते तेव्हा जरा जास्तच रंगवून सांगितली.

कालवा आणि रेल्वे यांचं लेखकाने नीट लिहिलंय, मी फक्त एक भर घालते. लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा बिंगली ते स्किप्टन हा पहिला तुकडा १७७३ ला सुरू झाला. पुढचं काम रेंगाळून पूर्ण कालवा झाला १८१६ ला, आणि त्याच्याच मागून गिरण्या आल्या. ब्रॉटन रोडवरच्या ड्यूहर्स्टच्या गिरणीतला सिल्को दोरा शिवणकाम करणाऱ्या बायकांना ठाऊक असेल. त्याच बेल व्ह्यू गिरणीच्या आवारात शेवटच्या वर्षांत क्रेव्हन कौन्सिलची कचेरी होती. गिरणीच्या जागी कारभाराची फाइल. स्किप्टनचा सगळा इतिहास त्या एका पत्त्यात बसतो.

रेल्वे म्हणजे सेटल-कार्लाइल. १८७६ पासून प्रवासी नेणारी ७२-७३ मैलांची लाइन, रिबलहेडला २४ कमानींचा पूल. १९८० च्या दशकात ती बंद करायचं ठरत आलं होतं. पूल खचतोय, खर्च परवडत नाही, असं कारण. हजारो लोकांनी हरकती नोंदवल्या आणि त्यांत एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता. कुत्रा नियमित तिकीट काढून प्रवास करायचा, तेव्हा प्रवासी म्हणून त्याचीही हरकत! ते हरकतींचे गठ्ठे टपालाने जायचे हे वेगळं सांगायला नको. एप्रिल १९८९ मध्ये तेव्हाचे परिवहन राज्यमंत्री मायकल पोर्टिलो यांनी लाइन चालू राहील असं जाहीर केलं. त्या दिवशी आमच्या काउंटरवर कोणीतरी केक आणून ठेवला. कोणी ते कळलं नाही, तुकडा मात्र मी खाल्ला.

२००१ साल मात्र कोणी केक आणावा असं नव्हतं. गुरांच्या लाळ्या-खुरकत रोगाची साथ देशभर होती, आणि ती ओसरतेय असं वाटत असतानाच मे महिन्यात सेटलच्या आसपास उसळली. शेतंच्या शेतं मोकळी झाली. पायवाटा बंद, आमच्या दारात जंतुनाशकात भिजवलेलं पायपुसणं. दर गुरुवारी पेन्शन घ्यायला येणारा एक शेतकरी त्या आठवड्यात आला, पुस्तक पुढे सरकवलं, पैसे मोजून खिशात घातले आणि निघाला. दारातून परत फिरला आणि म्हणाला, ‘सकाळी उठून काय करायचं ते कळत नाही.’ तेव्हा डिस्ट्रिक्ट कोणतं, काउंटी कोणती, कोणाला सुचत नव्हतं.

तर मग हे सगळं बंद का केलं? उत्तर साधं आहे : दोन-दोन कचेऱ्यांपेक्षा एक स्वस्त पडेल. जुलै २०२१ मध्ये सरकारने ठरवलं की नॉर्थ यॉर्कशायर काउंटीच्या पोटातली सातही डिस्ट्रिक्टं मोडून काउंटीभर एकच कौन्सिल करायचं. क्रेव्हन, हॅम्बल्टन, हॅरोगेट, रिचमंडशायर, रायडेल, स्कारबरो, सेल्बी, सगळी एका झटक्यात गेली. नव्या कौन्सिलचे सदस्य ९०, लोकसंख्या सहा लाखांच्या वर. मुख्य कचेरी नॉर्थलर्टनला. स्किप्टनहून रेल्वेने जायचं तर दक्षिणेला लीड्स गाठून, तिथे गाडी बदलून, यॉर्कवरून पुन्हा उत्तरेला.

मी यावर छाती बडवणार नाही. खड्डा कोणाचा आणि कचरा कोणाचा हे सव्वीस वर्षं समजावून माझा घसा बसलाय. आता सगळ्याला एकच नाव, एकच लिफाफा. पण ३० सदस्य होते तेव्हा हॉर्टनच्या वरच्या अंगाला बर्फ पडलं की कोणत्या वस्तीवर कचऱ्याची गाडी पोचणार नाही, हे सभागृहात बसलेल्या कोणाला तरी घरूनच माहीत असायचं. ९० जणांच्या सभेत क्रेव्हनच्या बाजूचे मूठभर. स्कारबरोच्या समुद्रकिनाऱ्यावर निवडून आलेल्याने इंगल्टनच्या डोंगरातल्या गल्लीचं नाव का लक्षात ठेवावं? त्यात त्याचा दोष नाही, हद्दच तेवढी मोठी आहे.

आणि टपालाच्या हिशेबात क्रेव्हन हा एक पत्ता कधीच नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. स्किप्टन आणि ग्रासिंग्टनचा पोस्टकोड बीडी २३, सेटलचा बीडी २४, क्रॉस हिल्सचा बीडी २०, म्हणजे तिन्ही ब्रॅडफर्डच्या अक्षरांखाली. बेंटम आणि इंगल्टन तर लँकेस्टरच्या एलए मध्ये. एका कौन्सिलच्या हद्दीत दोन शहरांची अक्षरं, आणि दोन्ही शहरं हद्दीबाहेरची. पत्त्यावर क्रेव्हन लिहिलेलं पाकीट माझ्या हाताखालून क्वचितच गेलं असेल. लोक पत्त्यात लिहीत नसत आणि बोलताना सोडत नसत.

माझ्या दारातल्या कचऱ्याच्या पेटीवर अजून जुन्या कौन्सिलचं नाव आहे. पेटी धड आहे, चाकं चालतात, बदलायचं काही कारण नाही. दर पंधरवड्याला नव्या कौन्सिलची गाडी येते आणि जुन्या नावाची पेटी उलटी करून जाते.

एवढ्यासाठी विनंती, की पुढच्या रविवारी छोटी दुरुस्ती छापावी. ‘क्रेव्हन जिल्हा’ काढून ‘क्रेव्हन परिसर, नॉर्थ यॉर्कशायर’ असं करावं. ‘मुख्यालय’ हा शब्द काढून त्याच जागी ‘बाजार : सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार’ असं छापलं तर येणाऱ्या प्रवाशाचा फायदा होईल. आणि लेखक पुन्हा इकडे येणार असतील तर एप्रिलच्या शेवटी या म्हणावं. लसूण तेव्हा फुलते.

आपली नियमित वाचक,
स्किप्टन, नॉर्थ यॉर्कशायर
(बीडी २३)